आश्चर्यभेट, नग एक

२७ जानेवारी २०१४, सोमवार

आज नोकरी लागली. एकसष्टाव्या वर्षी माणसं नोकरी सोडतात, मी धरली. औषधाच्या दुकानात वह्याही मिळतात, म्हणून तिथून ही आणली. नव्या कामाची नोंद असावी.

गेल्या शरदात शाळेची खानावळ बंद झाली. छत्तीस वर्षं मी तिथे पोरांना वाढलं. आता डबे बाहेरून येतात आणि पोरं ते तसेच टाकून देतात असं ऐकते. माझ्या नवऱ्याला, आर्विडला, जाऊन तीन वर्षं झाली. तो गेला आणि शाळाही गेली, तेव्हापासून घरात माझ्याशी फक्त घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बोलते. तीही खोकते. पुढचा हिवाळा ती काढेलसं वाटत नाही.

तर नोकरी ऑटर्सकडे आहे. आमच्या पोर्ट हॅलरचा बर्फावरच्या हॉकीचा संघ, पगारी खेळाडू, चार हजार माणसांचं स्टेडियम. तिथला जाहिरातप्रमुख ब्रेंट स्टॅनवूड माझ्याच हातचं खाऊन मोठा झाला. वाटाणे बाजूला काढायचा. काम असं, की घरच्या मैदानावर सामना असेल त्या शनिवारी एक सैनिक शोधायचा, आजी किंवा माजी. दुसऱ्या मध्यंतरात त्याला बर्फावर गालिच्यावर उभा करायचा. निवेदक नॉर्म ध्वनिक्षेपकावर त्याची माहिती वाचतो, मोठ्या पडद्यावर चेहरा दिसतो आणि सगळे लोक उठून टाळ्या वाजवतात.

"मालकांना सैनिकांची केवढी माया आहे," मी म्हणाले.

ब्रेंट कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "माया तर आहेच. शिवाय यादी आहे." आणि त्यानं मला आकडे घातलेली एक छापील यादी दिली. व्यवस्थित मुलगा झालाय.

मोसम संपेपर्यंत काम पक्कं. फेब्रुवारीतला मोठा कार्यक्रम नीट पार पडला तर पुढच्या वर्षीही.

कुंपणावरून लव्हर्नला सांगितलं. एकतीस वर्षं आमच्यात एक कुंपण आहे, तेही आता मोडकंच. ती म्हणाली, "छान झालं. आता तरी माझ्याकडे येऊन माझ्या टॉवेलांच्या घड्या घालणं थांबवशील." तिचा मुलगा ट्रॉय एप्रिलपासून राखीव सैन्याबरोबर कुवेतला आहे. तिचं ध्यान कुठे असतं ते मला कळतं. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. खानावळीत दुसऱ्यांदा ताट घ्यायला आलेलं पोर मी मानेवरून ओळखायची.

१ फेब्रुवारी, शनिवार

पहिली सलामी. टोयव्हो रंताला, वय ब्याण्णव, दुसरं महायुद्ध. त्यांना वाटलं त्यांचा वाढदिवस आहे. चार हजार माणसं उभी राहिली तेव्हा ते मला म्हणाले, "एवढ्यांना केक पुरायचा नाही."

नॉर्मच्या हातात कार्ड दिलं की तो त्यावरचं अक्षर न अक्षर वाचतो. तेवीस वर्षं असंच चाललंय. आज त्यानं "आणि त्यांना दोन पदकं मिळाली, कार्ड उलटा" असं त्याच भारदस्त आवाजात वाचलं. पुढच्या वेळी खूण करायची नाही.

सैन्याच्या भरती कार्यालयाचे कॅप्टन बीस्ली आले होते. हातात सेकंद मोजायचं घड्याळ. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "पंचेचाळीस सेकंद. बाब क्रमांक तीन झाली," आणि कागदावर खूण केली. हॉकीची आवड असणारे लोक सगळंच मोजतात.

लव्हर्न माझ्या शेजारी होती. तिनं हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या, म्हणजे आवाज व्हावा. मी रडले. मला हे काम आवडतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोठा कार्यक्रम म्हणजे काय ते आज कळलं. परदेशातून परतलेला सैनिक आईला किंवा बायकोला बर्फावर अचानक भेटवायचा. सैनिक ऑटरच्या, म्हणजे पाणमांजराच्या पोशाखात असणार. आईला वाटणार, पाणमांजराबरोबर फोटो आहे. मग तो डोकं काढणार.

"कोणी येतंय का या महिन्यात?" ब्रेंटनं विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ट्रॉय कोस्की. पण मार्चमध्ये."

कॅप्टननी फोन फिरवला. लव्हर्नला मार्च सांगितलाय खरा, पण त्याची तुकडी अठरालाच येते. सामना बावीसला.

"मग मधले चार दिवस?"

"मॅडम, तोवर तो आलेला नाही," कॅप्टन म्हणाले.

त्याला मोटेलात ठेवायचं ठरत होतं. मी सांगितलं, तिथल्या चादरी लव्हर्नची नणंद बदलते, तासाभरात गावभर होईल. मग मीच म्हणाले, माझं तळघर आहे. मीच म्हणाले, हे इथे लिहून ठेवते.

घरी येताना जरा खटकलं. पण दहा महिने थांबलेली बाई, चार दिवसांनी काय होतंय. आणि ती केवढी खूश होईल. आणि नोकरी टिकली तर नवी भट्टीही होईल. भट्टीचं मी सगळ्यात शेवटी मनात आणलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आला. संध्याकाळी कॅप्टनच्या गाडीतून, मागच्या सीटवर घोंगडी पांघरून, चोरीच्या मालासारखा. वाळलाय. दाढी केल्यावर मात्र तोच, सहा वर्षांचा असताना माझ्या जिन्यावरून घसरून दात पाडून घेतलेला.

"अर्डिसमावशी, आईला खरंच नाही सांगायचं?"

"शनिवारी सांगायचं. तुझा आदेश आहे ना?"

"आहे."

जेवण घेऊन खाली गेले तर तो कपडे धुवायच्या जागी स्टुलावर चढून उभा होता. तिथल्या छोट्या खिडकीतून लव्हर्नचं स्वयंपाकघर दिसतं. "आईनं पडदे बदलले," तो म्हणाला.

मी मीठ विसरले असं सांगून वर आले. मीठ ताटातच होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी बघते तो माझी वाट साफ, दोन्ही कडा सुरीनं कापाव्यात तशा सरळ. ट्रॉयचंच काम. पहाटे अंधारात केलं, कोणी बघितलं नाही, म्हणाला. बिचाऱ्याला बसवत नाही. फावडं दांड्याकडून बर्फात रोवून ठेवलेलं, पातं आभाळाकडे. मी ते आत घेतलं. लव्हर्न तिच्या खिडकीशी कॉफीचा पेला घेऊन उभी होती आणि माझ्या वाटेकडे बघत होती. मी हात केला. तिनं जरा उशिरानंच केला.

दुपारी बघते तर लव्हर्ननं सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवलेली. कोस्कींच्या परसातल्या त्या लाकडी खोलीतून धूर निघतो तो शनिवारी, एकतीस वर्षांत दुसऱ्या वारी मी पाहिला नाही. पाठ धरली असेल. वाफेनं मोकळी होते.

संध्याकाळी ट्रॉयचा चेहरा लालबुंद आणि केस ओले. कपाळ बघितलं, ताप नव्हता. जेवलाही नाही फारसं. वाळवंटातून आलेल्या माणसाला आमची थंडी बाधते.

दोन्ही परसांच्या मध्ये, कुंपण मोडलंय तिथे, बर्फात ये-जा केल्याच्या खुणा आहेत. हरणं फार धीट झालीत यंदा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी लव्हर्न पास्ट्या घेऊन आली. मांस, बटाटा आणि कांदा भरलेल्या, तिच्या हाताला तोड नाही. सहा होत्या.

"अगं, एकट्या बाईला सहा?"

"थंडी आहे," ती म्हणाली. "तुझ्या तळघरात दिवा दिसतो हल्ली."

"कपडे धुते."

"चार-चार वेळा?"

"साचलेत."

"असू दे. धू," ती म्हणाली आणि जाईना. दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. "काही सांगायचंय का तुला, अर्डिस?"

"मला? नाही बाई."

ती गेली. माझे कान तापले होते. एकतीस वर्षांत मी तिच्याशी खोटं एकदाच बोलले होते, तेही तिच्या केसांच्या रंगावरून.

दुपारी ऑफिसात ब्रेंटच्या टेबलावरून शनिवारची वेळ बघायला गेले. वर करारच पडला होता. भरती कार्यालय आणि ऑटर्स यांच्यातला. मी वाचायला नको होता, पण वाचला. बाब तीन, माजी सैनिकास सलामी, नग वीस. बाब पाच, ध्वज उलगडणे, नग चार. बाब सात, आश्चर्यभेट, नग एक, साडेसात हजार डॉलर.

देणार कोण, तर सरकार. मी दोनदा वाचलं. म्हणजे टोयव्होंसाठी मी रडले, तेही माझ्याच कराच्या पैशानं. आणि मालकांची माया यादीप्रमाणे.

ब्रेंट कॉफी घेऊन आला. मी विचारलं, "हे सगळ्यांना माहीत आहे?"

"गुपित नाही," तो म्हणाला. "कोणी विचारत नाही, एवढंच. अर्डिस, लोक खरंच टाळ्या वाजवतात. पोरं खरंच घरी येतात. आपण फक्त वेळ ठरवतो."

वेळ. तीच तर माझ्या तळघरात बसली आहे.

घरी आले. ट्रॉयनं तीन पास्ट्या खाऊन झाकण नीट लावून ठेवलं होतं. मी विचारलं, "तिकडे तुला शनिवारचं काय सांगितलं होतं?"

"पाणमांजर व्हायचं म्हणून. घरी जायला मिळतंय म्हटल्यावर मी काहीही झालो असतो."

सांगितलं तर नोकरी जाईल. सांगितलं नाही तर लव्हर्न जाईल. चार दिवसांनी काय होतंय, असं मी मागच्या पानावर लिहिलंय. ते खोडणार नाही, राहू दे तिथे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेतीनला ट्रॉय म्हणाला, जरा पडतो. चारला मी कोट घातला आणि लव्हर्नच्या मागच्या दारी गेले. हरणांच्या खुणांवरूनच गेले. तिथे मला पहिल्यांदा दिसलं की हरणांना बारा नंबरचे बूट आहेत.

तरी दार वाजवलं. लव्हर्ननं उघडलं. आत लोणी तापल्याचा वास. टेबलाशी ट्रॉय, लांब चड्डी-बनियनवर, पुढ्यात पॅनकेकची चळत.

मी बसायला गेले.

"थांब," लव्हर्न म्हणाली. "आधी सांग, मग बस."

"तुझा मुलगा माझ्या तळघरात आहे," मी म्हणाले.

ट्रॉय बशीकडे बघत होता.

"होता," लव्हर्न म्हणाली. "पुढे बोल."

मी सगळं सांगितलं. नाव मी सुचवलं, तळघर मी दिलं, भट्टी हवी होती, आणि बाब सात. मध्येच रडू आलं तर ते पुसून पुढचं सांगितलं. लव्हर्न एकदाही मध्ये बोलली नाही. तिच्या बाबतीत हे मी प्रथमच पाहिलं.

"फावडं उलटं रोवून ठेवणारा माणूस या गावात एकच होता, माझा नवरा रेनो," ती शेवटी म्हणाली. "आणि त्याच्याकडून शिकला तो हा. बुधवारी सकाळी मी तुझ्या तळघराची काच वाजवली. तू वर अंघोळीला होतीस, गात होतीस."

"मग बोलली का नाहीस? पोरा, तू तरी."

"आईनं सांगू नको म्हटलं," ट्रॉय म्हणाला. "कॅप्टनचा आदेश होता, पण आई वरच्या हुद्द्यावर आहे."

"मी तीन दिवस वाट बघत होते, तू कधी येतेस त्याची," लव्हर्न म्हणाली. "काल दारात विचारलं, तरी नाही म्हणालीस. आज आली नसतीस तर उद्या बर्फावर मी त्यांना हवी तशी दचकले असते, रडले असते, सगळं केलं असतं. तुझी नोकरी राखली असती. आणि रविवारपासून तुझ्याशी बोलले नसते."

मला तिची थट्टा कळते. ही थट्टा नव्हती.

मग तिनं खुर्ची ओढली. "आता बस. तीन पॅनकेक तुझे. आणि साडेसात हजार? माझ्या पोराला भेटायचे? मी त्याला फुकट नऊ महिने पोटात वाढवलं."

मी म्हटलं, उद्या हे होणार नाही, मी ब्रेंटला सांगते.

"होईल," लव्हर्न म्हणाली. "माझा मुलगा पाणमांजर झालेला मला बघायचाच आहे. फक्त खोटं नको."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजच लिहायला हवं.

दुसरं मध्यंतर. लव्हर्न गालिच्यावर. पाणमांजर तिच्या शेजारी, शेपटी सांभाळत. ब्रेंट खेळाडूंच्या दारात, कॅप्टन घड्याळ घेऊन. मी रात्री लिहिलेलं कार्ड नॉर्मच्या हातात दिलं. त्यानं चष्मा लावला आणि वाचलं. तेच इथे उतरवते.

"सभ्य स्त्री-पुरुषहो, या पाणमांजराच्या आत सार्जंट ट्रॉय कोस्की आहे. तो दहा महिने कुवेतला होता. आता तुम्हाला त्याची आणि त्याच्या आईची अचानक भेट दाखवायची होती. पण तो मंगळवारीच आला आणि बुधवारपासून आईच्या हातचे पॅनकेक खातो आहे. आजवर एकतीस झाले. या भेटीचे पैसे सरकार देणार आहे, म्हणजे तुम्हीच, तेव्हा नीट बघून घ्या. ट्रॉय, डोकं काढ. हे कार्ड ब्रेंटला दाखवू नये."

शेवटचं मी नॉर्मसाठी लिहिलं होतं. वाचायला नव्हतं.

वरच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ट्रॉय डोकं ओढत होता आणि ते निघत नव्हतं, म्हणून लव्हर्ननं कान धरून ओढलं. निघालं. आत तो, घामानं निथळत, लाल, केस कपाळाला चिकटलेले. सकाळीच तिनं त्याला खाऊ घातलं होतं. तरी त्याला बघितल्याबरोबर ती मटकन गालिच्यावर बसली आणि गळा काढून रडली. तोही बसला, शेपटीवर. चार हजार माणसं उभी राहिली. मध्यंतरात वाद्य वाजवणारा असतो, त्यानं वाजवायचंच सोडलं. टोयव्हो आले होते, तेही उभे राहिले. आज कोणाचा वाढदिवस आहे ते त्यांनी विचारलं नाही.

मी कॅप्टनकडे बघितलं. त्यांनी घड्याळ थांबवलं. "दोन मिनिटं दहा सेकंद," ते म्हणाले. "यात काही नोंदवता येणार नाही, मॅडम." मग घड्याळ खिशात टाकून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. "मी माझ्या आईला दीड वर्ष भेटलो नाही," ते म्हणाले.

ब्रेंट हातातली कॉफी प्यायला नाही. वाटाणे वाढल्यावर असायचा तोच चेहरा.

४ मार्च, मंगळवार

गेल्या आठवड्यात सोमवारी ब्रेंटनं मला सलामीच्या कामावरून काढलं. गुरुवारी त्यानं पुन्हा बोलावलं आणि टोप्या विकायच्या खिडकीत बसवलं. तासाला एक डॉलर कमी. तो म्हणाला, शनिवारपासून ऐंशी माणसांनी फोन करून विचारलं की ते कार्ड लिहिणारी बाई पुढच्या सामन्याला आहे का. मालकांना तिकिटं कळतात. सलाम्या चालू आहेत, पण आता पडद्यावर खाली बारीक अक्षरात येतं, भरती कार्यालयाच्या खर्चाने. परवाच्या शनिवारी लोक तरीही उभे राहिले. मी खिडकीतून बघितलं आणि मी शोधलेला सैनिक समोर नसतानाही उभी राहिले. टोपी घेणारा बाप्या थांबला.

ट्रॉयनं माझी भट्टी उघडून दुरुस्त केली. खोकते, पण कमी. अजून एक हिवाळा निघेल म्हणतो.

आज ऑफिसातून एक पत्र मला बघायला मिळालं. ब्रेंटनंच आणून दिलं, छायाप्रत. भरती कार्यालयाकडून ऑटर्सना. "बाब क्रमांक सात, आश्चर्यभेट, नग एक. प्रत्यक्ष पाहणीत आश्चर्य आढळले नाही. सबब रक्कम देय नाही." खाली सही, बीस्ली. सहीच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, आईला फोन केला.

पत्र घेऊन लव्हर्नकडे गेले. ती सौनेसाठी लाकडं आत नेत होती. मंगळवारी. आता तिला वारांचं काही राहिलेलं नाही. मी वाचून दाखवलं आणि विचारलं, "तू त्याला तीन दिवस जेवू घालत होतीस. मग तिथे का रडलीस?"

"बुधवारी वेळ कुठे होता रडायला? तो भुकेला होता," ती म्हणाली. मग पत्र माझ्या हातातून घेऊन तिनं पुन्हा वाचलं. "हे चूक आहे. लिहून कळव त्यांना, आश्चर्य होतं म्हणून."

"कुठे होतं?"

"शुक्रवारी चार वाजता, माझ्या मागच्या दारात. मला वाटलं होतं तू येणार नाहीस."

तिनं लाकडांचा अर्धा भारा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, दार ढकल, ऊब बाहेर जाते.